मोटोरो स्टिंगरे घरी पाळताना: एक उन्हाळा, एक पावसाळा

साकोलीकडच्या खेड्यात मोटोरो पाळतोय, म्हणजे गोड्या पाण्यातला थाळीसारखा चपटा स्टिंगरे. मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा, तिथलं पाणी कोमट, म्हणून 'आपल्याकडे आरामात जगते भाऊ' असं दुकानदार सांगतात. ते अर्धंच खरं आहे.

त्याला २६-२८ अंश मानवतात. नवतपात, मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आमच्या टाकीचं पाणी ३३ च्या वर जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. त्यात बोअरचं पाणी जड, पीएच ८ च्या पुढे, आणि अशा पाण्यात माशाच्या घाणीतून सुटणारा अमोनिया जास्त जहाल होतो. हा गडी खातो भरपूर, घाणही तेवढीच करतो.

पाणी थंड करणारा चिलर परवडणारा नव्हता. झाकण काढून जाळी टाकली आणि पाण्यावर टेबलफॅन सोडला. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तीन-चार अंश सहज उतरतात. खरी पंचाईत मृगानंतर: हवा दमट झाली की कूलरसारखाच हाही उपाय बसतो. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्यानं करा, बोअरचंच ओतत राहिलात तर क्षार साचतात. लाईन गेली की इन्व्हर्टरवर आधी एअर पंप, मग घरचे पंखे. माय यावर अजून कुरकुरते.

टाकी ६ बाय ३ फूट, उंची २. उंचीचा त्याला उपयोग नाही, तळ हवा. तळाला धुतलेली बारीक वाळू. खडीनं पोट सोलवटतं. दीड फुटाच्या वर रुंद होणारा मासा आहे, ही टाकीही पुढे अपुरी पडणारच.

खाणं गांडूळखताच्या बेडमधलं, शिवाय बाजारातले तलावाचे झिंगे. तोंड पोटाखाली, त्यामुळे घास त्याला दिसत नाही. वासानं येतो, अंगानं गांडूळ झाकतो, कडा वाळूत दाबतो; मग डोळ्यांमागची भोकं तेवढी उघडझाप करत राहतात. हे बघायला शेजारची पोट्टी रोज हजर.

शेपटीचा काटा विषारी आहे. टाकीत हात घालायचा नाही, काम काठीनं. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांपर्यंत, जखम बुडवायची आणि दवाखाना गाठायचा. या विषावर उताऱ्याचं इंजेक्शन नाही.

आठवड्याला तिसरा हिस्सा, म्हणजे तीनशे लिटर पाणी बदलतो. ते परसातल्या वांग्यांना जातं, वांगी जोरात आहेत. पण मार्चनंतर तुमचा बोअर आटत असेल तर या माशाच्या वाटेला जाऊ नका. आणि मोटोरोचा भाऊबंद, काळा-पांढरा लिओपोल्डी मनात असेल तर आधी कागदपत्रं विचारा, तो २०२२ च्या साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिषदेत परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे परवान्याशिवाय देशाबाहेर विकता न येणाऱ्या जातींच्या यादीत गेलाय.