कार्डाचं कर्ज फेडायला काटकसर की जोडकमाई?

क्रेडिट कार्डाची थकबाकी 60,000, व्याज महिना साडेतीन टक्के. म्हणजे 2,100 व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 2,478.

काटकसरीचा गुण पहिल्याच दिवशी दिसतो, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. आम्ही बाहेरचं जेवण बंद केलं, डबा सुरू केला, महिन्याला 3,000 सुटले. पण त्यातून मुद्दलात गेले जेमतेम 522! आणि मुलांच्या दुधाला कात्री कशी लावणार?

मुद्दल हललं ते जोडकमाईने. दिवाळीत बायकोने चकल्यांच्या ऑर्डरी घेतल्या. तेल, भाजणी, गॅस वजा जाता उरलेला रुपयान् रुपया थेट कार्डात भरला. मात्र रात्री बारापर्यंत सोऱ्या फिरवून तिचं मनगट सुजलं होतं. यंदा सोऱ्या मी धरणार आहे.