बॉस्टनचे बेक्ड बीन्स: जरूर खा, पण आधी पोर्कचं विचारा

बेक्ड बीन्स म्हटलं की आपल्याला टोमॅटो सॉसवाला ब्रिटिश डबा आठवतो, बॉस्टनचा प्रकार पूर्ण वेगळाय. फॅन्यूल हॉल या तिथल्या जुन्या बाजार-सभागृहाजवळच्या एका जुन्या हॉटेलात खाल्ले, नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रार आहे. रंग गडद तपकिरी, टोमॅटोचा पत्ताच नाही, मोलॅसिस (साखर बनवताना उरणारा गडद पाक), मोहरी, कांदा नि खारवलेलं पोर्क. चव काकवीच्या जवळची पण शेवटी किंचित कडवट, मला जाम आवडली. दाणे अख्खे आणि आतून एकदम मऊ, कारण मोलॅसिसमधलं कॅल्शियम आणि साखर दाणा पटकन फुटू देत नाहीत, म्हणून तासन् तास भट्टीत ठेवून पण लगदा होत नाही.

एवढा वेळ ठेवायची पद्धत धर्मामुळे आली म्हणे, प्युरिटन लोकांचा (इथे आलेले कडक शिस्तीचे ख्रिस्ती) सब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, शनिवारी संध्याकाळीच सुरू व्हायचा, मग स्वयंपाक बंद, म्हणून मडकं आधीच भट्टीत, रात्री गरम खायचं आणि उरलेलं रविवारी सकाळी. मोलॅसिस यायचं कॅरिबियनमधल्या गुलामांच्या मळ्यांतून, त्याची इथे रमही व्हायची. मेनूकार्डावर यातलं काही नाही, नुसतं 'बीनटाउन' हे बॉस्टनचं टोपणनाव छापलंय.

आता तक्रार. व्हेज आहे का विचारलं तर वेटर म्हणाला "बीन्सच आहेत", आणि सासूबाईंच्या वाटीत पोर्कचा तुकडा निघाला! माफी मागितली त्याने, पण त्या पुढे पाण्याशिवाय कशाला हात लावेनात.

पौष्टिक आहे का? नुसते शिजवलेले नेव्ही बीन्स (यात वापरतात ते छोटे पांढरे दाणे) एक कप घेतले तर साधारण 255 कॅलरी, 15 ग्रॅम प्रोटीन, 19 ग्रॅम फायबर, म्हणजे भारीच. पण इथे वरून साखर आणि मीठ सढळ हाताने, त्यामुळे डायबेटिसवाल्यांनी बेतानेच खा. सोबत ब्राउन ब्रेड मागवाच, मका, राय (गव्हासारखं एक धान्य) आणि गव्हाच्या पिठाचा, वाफवलेला. धान्यात लायसिन (प्रोटीनचा एक घटक) कमी असतं ते बीन्स भरून काढतात, जुन्या लोकांची जोडी बरोबरच होती.

राजमा आणि साताऱ्याचा वाघ्या घेवडा याच जातीतले, मूळ सगळ्यांचं अमेरिका खंडातलं, त्यामुळे घरी व्हेज करून बघायला हरकत नाही. फक्त रात्रभर भिजवून, पाणी बदलून दहा मिनिटं खळखळून उकळा मगच ओव्हनमध्ये, कच्चे दाणे थेट स्लो कुकरमध्ये टाकाल तर पोट बिघडेल.

हॉटेलला 5 पैकी 3, बीन्सना साडेचार. वाटी फारच छोटी आहे, दोघांत एक पुरणार नाही.