जोडाक्षरं तुटणारा ‘स्पोर्ट्स फॉन्ट’ आणि माझे 2,199 रुपये

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला की तालमींच्या, म्हणजे पेठांमधल्या मंडळांच्या फुटबॉल संघांच्या, जर्सींची कामं सुरू होतात. गेल्या हंगामात एका संघाचं काम माझ्याकडे आलं. पुढं संघाचं नाव इंग्रजीत, पाठीवर खेळाडूचं नाव मराठीत, असं 35 जर्सींचं काम. पोरांना अक्षर हवं होतं ठसठशीत, कोपरे छाटलेलं, उजवीकडं झुकलेलं. शाहू स्टेडियमच्या गॅलरीतूनही वेग जाणवला पाहिजे, असं.

इंग्रजीत असे फॉन्ट ढीगभर आहेत. मराठीत तिरका आणि टोकदार, दोन्ही एकत्र सापडणं अवघड. म्हणूनच इन्स्टाग्रामवर ‘मराठी + इंग्रजी स्पोर्ट्स इटालिक, आजन्म व्यावसायिक लायसन्स, 1,499 रुपये’ अशी जाहिरात दिसली आणि मी थांबलो. नमुन्याच्या चित्रात ‘गती’, ‘विजय’, ‘सामना’, ‘खेळ’ असे शब्द होते. देखणे होते. मी क्यूआर स्कॅन करून पैसे भरले. झिप फाइल आली, सोबत माझ्या नावाचं, शिक्का मारलेलं लायसन्सचं प्रमाणपत्रही आलं. त्या कागदानं मी निर्धास्त झालो.

संघाचं नाव लावलं, सगळ्यांना आवडलं, पुढचे भाग छपाईला गेले. जर्सींच्या या छपाईत, म्हणजे सब्लिमेशनमध्ये, शाई उष्णतेनं पॉलिएस्टरच्या धाग्यात उतरते. ती नंतर पुसता येत नाही.

मग पाठीवरची नावं टाइप करायला बसलो. ‘सागर’ नीट आलं. ‘प्रथमेश’ लिहिलं तर प चा पाय मोडलेला आणि र वेगळा पडलेला. ‘हर्षवर्धन’मधले दोन्ही रफार डोक्यावर चढलेच नाहीत. आधी मला कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची गडबड वाटली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहिलं, तिथंही तेच. एका खेळाडूला स्क्रीनशॉट पाठवला होता, त्याचा लगेच फोन, “दादा, माझं नाव असं का तुटलंय?”

विक्रेत्याला विचारलं. तो म्हणाला, जोडाक्षरं ‘प्रो’ आवृत्तीत आहेत, 700 रुपये आणखी भरा, दहा मिनिटांत पाठवतो. हातात काम अडकलेलं, मी भरले. त्यानंतर त्यानं मला ब्लॉक केलं. माझी सगळ्यात मोठी चूक हीच, की पहिल्यांदा संशय आला असतानाही मी दुसऱ्यांदा पैसे दिले.

त्या रात्री मी जे केलं, ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स उघडलं. फाइलचं नाव बदललेलं होतं, पण आतली कॉपीराइटची ओळ तशीच होती. इंग्रजी फाइलमध्ये एका परदेशी कलाकाराचं नाव आणि पुढं ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं. मराठी फाइलमध्ये एका फाउंड्रीचं, म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचं, नाव. शोधलं तर तो उभ्या अक्षरांचा, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारा फॉन्ट निघाला. त्यालाच यंत्रानं तिरकं ढकललं होतं. असं ढकललं की गोलाई ओढल्यासारखी दिसते, एका बाजूचे फराटे जाड आणि दुसऱ्या बाजूचे बारीक होतात. जाणकार कलाकार तिरकं अक्षर करताना प्रत्येक वळण पुन्हा हातानं दुरुस्त करतो. इथं कुणी हातही लावला नव्हता. उलट फाइल नव्यानं बनवताना जोडाक्षरं जुळवणारे नियमच गळून पडले होते. नमुन्याच्या चित्रात एकही जोडाक्षर का नव्हतं, हे तेव्हा कळलं.

ज्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली असे फॉन्ट मिळतात, त्यात धंद्याच्या कामाला वापरण्याची मोकळीक असते. पण तो फॉन्ट नुसता, सुटा विकायला त्यात मनाई आहे, बदल करून सुद्धा. म्हणजे माझ्याकडचा शिक्क्याचा कागद दोन्ही फाइलींसाठी खोटा होता.

पाठीवरची नावं शेवटी ‘तेको’ मध्ये केली. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्ट, मराठी-इंग्रजी दोन्ही आहे, खुला आहे. उभा आहे, पण चौकोनी आणि दमदार, आणि ‘हर्षवर्धन’ त्यात अखंड उमटतं. पुढचे भाग मात्र छापून झाले होते. तालमीवर बालंट नको म्हणून मी त्या परदेशी कलाकाराला सगळं खरं लिहून कळवलं आणि व्यावसायिक परवान्याचे पैसे माझ्या खिशातून भरले. जर्सीच्या कामात त्या महिन्यात काहीच उरलं नाही.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण नऊ दिवसांनी. रक्कम लहान म्हणून लाज वाटली आणि दिवस गेले. तुमच्याबाबत असं झालं तर त्याच तासाला फोन लावा. पैसे पुढं सरकायच्या आत खबर गेली तरच ते अडवता येण्याची शक्यता असते. व्यवहाराचा क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट ब्लॉक होण्याआधीच काढून ठेवा. आणि कुठलाही मराठी फॉन्ट घ्यायच्या आधी विक्रेत्याकडून ‘प्रथमेश’, ‘हर्षवर्धन’, ‘महाराष्ट्र’, ‘दऱ्या’ हे शब्द टाइप करून मागा. चित्र नको, तुमच्यासमोर टाइप करतानाचा व्हिडिओ मागा.

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. खात्याचं नाव नवं, किंमत 999. चित्रात तेच चार शब्द आहेत: गती, विजय, सामना, खेळ.