लेअर शेडचे टायमरवाले एलईडी किट: बल्ब जास्त, टायमर कमी

इंदूरला महाराणी रोडवर बिनब्रँडचे एक किट मिळते: 9 वॅटचे 20 पांढरे बल्ब, होल्डर, दिवस-रात्र ओळखणारा सेन्सर आणि डायलचा टायमर. अंड्यांच्या कोंबड्यांच्या (लेअर) 100 बाय 30 फुटांच्या लिटरच्या, म्हणजे जमिनीवर भुसा अंथरलेल्या, शेडला पुरते म्हणून विकतात. पुरते काय, उरते.

अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यभांड्याच्या पातळीवर 10 ते 20 लक्स (उजेड मोजायचे एकक) उजेड बास. 7 फूट उंचीवर, 10-10 फुटांवर दोन ओळी लावल्या तर 5 वॅटचे बल्ब तेवढा देतात. 9 वॅटचे लावले की पक्षी बिथरतात, एकमेकींची पिसे उपटतात, गुदद्वाराला चोची मारतात. बल्ब बदलून मागा, तेही पिवळसर. पिवळसर बल्बमधला लाल छटेचा उजेड कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो. आंधळी कोंबडीसुद्धा दिवसाच्या लांबीप्रमाणे अंडी देते ती त्यामुळेच. तरी रंगावर फार वाद घालू नका, तास महत्त्वाचे.

आणि तासांतच हे किट मार खाते. डायलचा टायमर लाईट गेली की थांबतो. चार दिवसांत मिळून सहा तास लाईट गेली, तर पहाटे 4 ते रात्री 8, म्हणजे 16 तास, लावलेले दिवे सकाळी 10 ते रात्री 2 चालतात. डिसेंबरात इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पक्ष्यांना 19 तासांचा दिवस. चूक लक्षात येऊन डायल जागेवर आणला, की तोच दिवस एका झटक्यात तीन तासांनी आखडतो. अंड्यावरच्या कोंबडीला आखडता दिवस म्हणजे हंगाम संपल्याची खूण: अंडी घटतात, पिसे झडू लागतात. लोक मग खाद्यवाल्याशी भांडतात. बॅटरी बॅकअपचा डिजिटल टायमर वेगळा घ्याच, यात काटकसर नको.

4 ते 8 ही वेळ बारा महिने चालते, कारण जूनचा सगळ्यात मोठा दिवसही तिच्यातच बसतो. उन्हाळ्यात पहाटेच्या गारव्यात पक्षी खातात, हा वरचा फायदा. भर दिवसा बल्ब बंद ठेवायचे काम सेन्सरचे. तो शेडच्या बाहेर, बल्बचा उजेड पडणार नाही असा लावा. नाहीतर स्वतःचाच दिवा पाहून तो अंधाराच्या वेळी चालू-बंद करत बसतो.

सोबतच्या कागदावर ‘12 व्या आठवड्यापासून 16 तास’ असे छापले आहे. तो कागद फाडून टाका. इतक्या कोवळ्या तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना) उजेड वाढवला तर अंडी बारीक येतात, अंडी घालताना अंग (अंडनलिका) बाहेर येते, मर वाढते. वजन जातीच्या तक्त्याप्रमाणे भरले असेल तर 17-18 व्या आठवड्यात एक तास वाढवा, पुढे आठवड्याला अर्धा तास, 16 तासांना थांबा. वाढीच्या काळात दिवस वाढवू नये, अंड्यावर आल्यावर घटवू नये.

सगळे बल्ब एकाच सर्किटवर आहेत, हीही खोट. एकदम अंधार झाला की पक्षी आहेत तिथेच, कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात. दोन ओळींना दोन टायमर द्या; एक ओळ 15 मिनिटे आधी विझली की पक्षी बसायच्या जागी जातात.

होल्डर साधे पत्र्याचे आहेत, लिटरच्या अमोनियाने लवकर गंजतात. रबरी वायसरचे बंद होल्डर लावा आणि बल्ब दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसा, लाईट बंद करून.