माइलस्टोन पीएस टूल्स: सीसीटीव्ही सर्व्हरची सगळी सेटिंग एक्सेलमध्ये काढायची असेल तर हे टाकाच

ज्यांच्याकडे माइलस्टोन एक्सप्रोटेक्टच्या साईट्स आहेत त्या सगळ्यांनी पीएस टूल्स हे मॉड्यूल (वरून जोडायचा कमांडचा संच) टाकून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. यात कमांड भरपूर आहेत, पण मी इथे मुख्यतः एका रिपोर्टबद्दल लिहितोय, कारण फक्त तेवढ्यासाठी जरी टाकलं तरी वसूल आहे. आणि फुकट आहे, त्यामुळे खर्चाचा प्रश्नच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माइलस्टोन ही डेन्मार्कची कंपनी, 1998 पासूनची, 2014 मध्ये कॅननने घेतली. एक्सप्रोटेक्ट हे त्यांचं व्हिडिओ मॅनेजमेंट सॉफ्टवेअर, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र बघायचं आणि साठवायचं, छोट्या साईटसाठी एसेन्शियल प्लस नावाचं फुकट व्हर्जन आहे ज्यात 8 कॅमेरे चालतात. याची सगळी सेटिंग एसक्यूएल सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये असते. मॅनेजमेंट क्लायंटमधून (सेटिंग करायचा त्यांचा प्रोग्राम) बॅकअप घेतला की सीएनएफ फाईल मिळते, ती रिस्टोअर करायला उत्तम आहे आणि ती घ्यायलाच हवी, पण ती उघडून वाचता येत नाही. क्लायंटमध्येच सिस्टिम डॅशबोर्डखाली कॉन्फिगरेशन रिपोर्ट म्हणून एक सोय आहे, तिथून पीडीएफ निघते. फाईलला लावायला ती बरी दिसते, पण कॅमेरे शेकड्यात असले की पानंच्या पानं निघतात आणि त्यात ना फिल्टर लावता येत ना सॉर्ट करता येत, म्हणजे "कुठल्या कॅमेऱ्याचं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) जुनं आहे" एवढं साधं उत्तर काढायलाही डोळे फोडत बसायचं.

पीएस टूल्स म्हणजे पॉवरशेलचं (विंडोजमध्ये कमांड टाईप करून काम करायची खिडकी) मॉड्यूल, पॉवरशेल गॅलरीवरून इन्स्टॉल होतं. विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या पॉवरशेल 5.1 मध्ये चालवा, नवीन 7 मध्ये जाऊ नका. कनेक्ट-व्हीएमएस दिलं की नेहमीची लॉगिन खिडकी दाखवता येते, तुम्ही क्लायंटमध्ये जे युजरनेम पासवर्ड टाकता तेच टाकायचे. मग गेट-व्हीएमएस-कॅमेरा-रिपोर्ट, आणि त्याच्यापुढे पाईप (| हे चिन्ह) देऊन एक्सपोर्ट-सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी फाईल. बस. प्रोग्रामिंग येत नसलं तरी अडत नाही. एका कॅमेऱ्याला एक ओळ, आणि त्या ओळीत नाव, मॉडेल, आयपी ॲड्रेस, मॅक, फर्मवेअर, ड्रायव्हर, कुठल्या रेकॉर्डिंग सर्व्हरवर आहे, रेकॉर्डिंग कुठल्या फोल्डरला जातंय, कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), रिझोल्यूशन, एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) असं सगळं आडवं पसरलेलं. एक्सेलमध्ये फिल्टर लावा आणि हवं ते बघा.

आता मुद्द्याचं. या रिपोर्टला रिटेन्शनची, म्हणजे रेकॉर्डिंग किती दिवस टिकतं याची माहिती पण दे असं सांगता येतं (कमांडपुढे इन्क्लूड-रिटेन्शन-इन्फो असं लिहायचं), आणि मग दोन कॉलम शेजारी शेजारी येतात, एक म्हणजे किती दिवस ठेवायचं ठरवलंय ते आणि दुसरा म्हणजे खरंच किती दिवसांचं पडलंय ते. एक्सप्रोटेक्टमध्ये स्टोरेजला दोन मर्यादा असतात, दिवस आणि जास्तीत जास्त साईज, यातली जी आधी गाठली जाईल तिथून जुनं रेकॉर्डिंग पुसायला सुरुवात होते. म्हणजे सेटिंगमध्ये 30 दिवस लिहिलंय, कोणीतरी मध्ये एफपीएस वाढवला, त्याच डिस्कवर अजून चार कॅमेरे टाकले, तर साईजची मर्यादा आधी भरते आणि प्रत्यक्षात 12-13 दिवसांचंच उरतं. स्क्रीनवर मात्र 30 दिवसच दिसत राहतात! लाईव्ह चित्र येतंय, रेकॉर्डिंगही चालू आहे, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि कळतं ते घटना घडून गेल्यावर, जेव्हा पोलिस फुटेज मागायला येतात तेव्हा. पोलिस ठाण्यांमधल्या कॅमेऱ्यांबद्दल सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2020 च्या निकालात रेकॉर्डिंग 18 महिने जपायला सांगितलं, ते जमेल अशी यंत्रणा बाजारात नसेल तर जास्तीत जास्त काळ ठेवणारी घ्या पण एक वर्षाच्या खाली जाऊ नका असंही म्हटलं. एवढ्या लांबच्या मुदती नुसत्या सेटिंगवर विश्वास ठेवून कशा पाळणार, कोणीतरी आकडा काढून बघायलाच हवा ना. ते काम हा कॉलम करतो. फक्त एक लक्षात ठेवा, नवीन लावलेल्या कॅमेऱ्याचे दिवस साहजिकच कमी दिसणार, तो बिघाड नाही. आणि ही माहिती रेकॉर्डिंग सर्व्हरला विचारून आणावी लागते म्हणून मोठ्या सिस्टिमवर थोडा वेळ जातो, घाई करू नका.

आपल्याकडच्या लोकांसाठी एक खास सूचना. बऱ्याच साईट्सवर कॅमेऱ्यांची नावं मराठीत असतात, "मुख्य गेट", "गोदाम मागची बाजू" वगैरे, आणि ते चांगलंच आहे कारण वॉचमनला तेच कळतं. पण पॉवरशेल 5.1 चं एक्सपोर्ट-सीएसव्ही आपणहून आस्की एन्कोडिंगमध्ये (फक्त इंग्रजी अक्षरांची जुनी पद्धत) लिहितं, त्यात देवनागरी बसत नाही, सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन येतात. एन्कोडिंग यूटीएफ 8 असं स्पष्ट द्यायचं, मग एक्सेल पण मराठी नीट उघडतं. सोबत नो-टाईप-इन्फर्मेशन पण द्या नाहीतर पहिल्या ओळीत एक निरर्थक टाईपची ओळ येते आणि हेडिंग दुसऱ्या ओळीवर जातं. यात माइलस्टोनवाल्यांचा दोष नाही, पॉवरशेल 5.1 च तसं आहे.

पासवर्डबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. रिपोर्टमध्ये कॅमेऱ्यांचे पासवर्ड उघडे यावेत असं मागता येतं, आणि हार्डवेअर एक्सपोर्टची जी वेगळी कमांड आहे तिची फाईल नव्या सर्व्हरवर परत इम्पोर्ट करण्यासाठी असते, त्यामुळे तिच्यात पासवर्ड असू शकतात हे धरूनच चाला. ही फाईल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. मेलने पण नाही. ज्याच्या हातात ती पडेल त्याच्या हातात अख्खी बिल्डिंग आहे, शाळा किंवा हॉस्टेलची साईट असेल तर विचार करा किती गंभीर आहे ते. कस्टमरला द्यायची कॉपी पासवर्डशिवाय काढा, पासवर्डची वेगळी, लॉक करून, जबाबदार माणसाकडेच.

कमी कुठे पडतं तर रूल्समध्ये, म्हणजे कधी काय रेकॉर्ड करायचं वगैरे ठरवणाऱ्या नियमांत. रूल्स जेसॉन नावाच्या मजकुराच्या फाईलमध्ये निघतात, अक्षरं वाचता येतात हे खरं, पण आत लांबलचक आयडी असतात, त्यामुळे कुठला रूल कुठल्या कॅमेऱ्याला लागू आहे ते सेक्रेटरी किंवा ॲडमिनवाल्या माणसाला समजणार नाही, आपल्यालाच समजावून लिहून द्यावं लागतं. तिथे पीडीएफ रिपोर्ट अजूनही जास्त उपयोगी वाटतो. आणि डॉक्युमेंटेशन भरपूर असलं तरी सगळं इंग्रजीत, नवीन पोरांना पहिल्यांदा कोणीतरी शेजारी बसून दाखवलेलं बरं.

तरीही एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) घेताना पहिल्याच दिवशी हा रिपोर्ट काढा. आधीच्या व्हेंडरने काहीच कागद न ठेवता साईट सोडलीय हे आपल्या धंद्यात नेहमीचं आहे, नकाशा नाही, आयपी लिस्ट नाही, आणि कस्टमर बिचारा म्हणतो तुम्हीच बघा आता. मग दर महिन्याला त्याच कमांडने नवीन फाईल काढून तारखेच्या नावाने ठेवायची, मागच्या महिन्याशी ताडून बघायची, कोणी रिझोल्यूशन खाली आणलं, कोणता कॅमेरा डिसेबल झाला, कोणाचे दिवस घसरले ते लगेच दिसतं. सोसायटीच्या कमिटीवर असाल आणि तुमच्याकडे एक्सप्रोटेक्ट असेल तर पुढचं बिल पास करण्याआधी व्हेंडरकडे एवढी एक एक्सेल मागा, ठरवलेले दिवस आणि खरे दिवस या दोन कॉलमसकट.