पाच महिने, तीन नवऱ्या, एक गाऊन : ट्रेन उचलून बांधण्याचा अनुभव

आम्ही वसईकर. माझं लग्न नाताळानंतर लगेच झालं, मावसबहिणीचं जानेवारीत, आणि उपवासकाळात लग्नं नसतात म्हणून धाकटीचं ईस्टर उलटल्यावर, मे महिन्यात. गाऊन तिघींनी एकच घातला. साटीनचा, मागे चार फुटांची ट्रेन, म्हणजे जमिनीवर लोळणारा लांब घोळ, तिच्या काठाला मण्यांचं काम. चर्चमध्ये ती पसरली की डोळ्यांचं पारणं फिटतं. मिस्सा संपली की मात्र फोटो, मांडव, बँड, नाच, आणि हे शेपूट सगळ्यांच्या पायांत.

म्हणून ट्रेन मागे उचलून अडकवतात, म्हणजे गाऊन चारी बाजूंनी जमिनीसरसा राहतो. याला म्हणतात बसल. ("कोण बसलं?" इति आजी.)

माझ्या वेळी टेलरने सोपा मार्ग काढला. कमरेखाली बाहेरून एक बटण, ट्रेनच्या मध्यावर दोऱ्याचा एक लूप. तिसऱ्या गाण्याला कुणाचा तरी बूट ट्रेनवर पडला. लूप शाबूत राहिला, बटण मात्र कापडासकट निघालं आणि साटीनला रुपयाएवढं भोक पडलं. पुढचे दोन तास मी ट्रेन हातात धरून, पाण्याला निघाल्यासारखी हिंडत होते. मण्यांचं सगळं वजन एकाच टाक्यावर आलं तर दुसरं काय होणार? डायनाची ट्रेन १९८१ साली २५ फुटांची होती म्हणे. आमची चार फुटांतच दमछाक.

जानेवारीसाठी भोकावर लेसचं फूल लावलं, बटणं तीन केली आणि प्रत्येकामागे आतून कापडाचा तुकडा घालून शिवून घेतलं. फुलांत बटणं लपली हा फायदाच झाला. रात्रभर टिकलं. फक्त बटणं बारीक होती, एक लूप दोनदा सुटला. आणि खरं सांगू? साटीन बाहेरून उचललं की पाठीला पिशवी बांधल्यासारखं दिसतं. लेसच्या गाऊनला हाच प्रकार शोभला असता.

धाकटी माझ्यापेक्षा दोन इंच बुटकी, त्यात सपाट चपलांचा हट्ट. दुसऱ्या टेलरबाईंनी आधी खालची घडी वर घेतली, मग तिला त्याच चपला घालून उभं केलं आणि पिना लावल्या. हा क्रम उलटला तर सगळी मापं चुकतात. त्यांनी फ्रेंच पद्धत सुचवली. बटणं नाहीत, आतल्या बाजूला नाड्यांच्या पाच जोड्या, एक टोक वर, एक खाली. लाल लालला, निळी निळ्याला बांधायची. कापड खालून आत दुमडतं आणि मागे छान फुगा येतो. नजर हटत नव्हती.

बांधायला मात्र वेळ लागतो. कॅन-कॅनच्या, म्हणजे आतल्या फुगीर परकराच्या, आत मोबाइलचा टॉर्च धरून मी बारा मिनिटं बसले होते, बाहेर टोस्टसाठी ग्लास भरून तयार. आदल्या दिवशी सराव करून व्हिडिओ काढला होता म्हणून बारा, नाहीतर अर्धा तास गेला असता. पाचातल्या एका जोडीला हौसेने साटीनची रिबीन लावली होती, नेमकी तीच निसटली. सुती नाड्या शेवटपर्यंत हलल्या नाहीत. सुईदोरा आणि सेफ्टी पिना करवलीच्या पर्समध्ये होत्याच.

आता चुलत वहिनी गाऊन मागतेय. ती माझ्याहून तीन इंच उंच. खालची घडी कापू दिली नव्हती म्हणून बरं, पण नाड्या सगळ्या उसवून पुन्हा लावाव्या लागतील. व्हिडिओ तिला पाठवलाय.