गिटारच्या मिक्सिंगसाठी रीपर : वर्षभराच्या वापरानंतर

एरंडवण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, पंखा बंद करून आणि कुकरच्या शिट्ट्या संपण्याची वाट पाहून मी गिटार रेकॉर्ड करतो. गणपतीच्या आधी तर नदीकाठचा ढोल-ताशांचा सराव माइकमध्ये येऊ नये म्हणून रात्र होईपर्यंत थांबावे लागते. अशा घरगुती कामासाठी कॉकॉस कंपनीचे रीपर हे सॉफ्टवेअर मी वर्षभर वापरत आहे. दिसायला ते एखाद्या हिशेबाच्या प्रोग्रॅमइतके रुक्ष आहे, पण ऐकण्याच्या कामात कुठेही कमी पडत नाही.

माझी पहिली चूक अशी, की ऱ्हिदमचा एकच टेक, म्हणजे एकदा वाजवून केलेले रेकॉर्डिंग, कॉपी करून मी एक ट्रॅक डावीकडे आणि दुसरा उजवीकडे पॅन केला. त्याने आवाज वाढला, रुंदी मात्र तसूभरही आली नाही. मग कॉपी १५ मिलिसेकंदांनी मागे सरकवली. हेडफोनवर ते भव्य वाटले; मास्टर ट्रॅकचे, डावे-उजवे एकत्र करणारे मोनो बटण दाबताच मात्र काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना छेद देऊ लागल्या आणि स्ट्रमिंग पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे पोकळ झाले. अखेर कॉपीऐवजी तोच भाग पुन्हा वाजवला. रीपरच्या आवृत्ती ७ मध्ये प्रत्येक टेक स्वतंत्र लेनमध्ये, म्हणजे ट्रॅकमधल्या वेगळ्या पट्टीत, ठेवून त्यातले चांगले तुकडे निवडता येतात, त्यामुळे माझ्यासारख्या अडखळणाऱ्या वादकाची मोठी सोय झाली आहे.

सोबत मिळणारा रीईक्यू, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारा ईक्वलायझर, मला पुरेसा वाटला. गिटारची सर्वांत जाड तार साधारण ८२ हर्ट्झची, म्हणून हाय पास, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज गाळणारा फिल्टर, त्याच्या आसपास ठेवला की पाय आपटल्याचे धक्के जातात आणि बेस गिटारला जागा मिळते. गायिकेचे शब्द दबत होते, तेव्हा तिचा आवाज न वाढवता गिटारचा ३ किलोहर्ट्झजवळचा भाग ३ डेसिबलने उतरवला. २०० हर्ट्झजवळची घुमणारी गुरगुर मात्र ईक्यूने नीट गेली नाही. माइक साउंडहोलसमोरून (गिटारच्या मधल्या गोल भोकासमोरून) बाराव्या फ्रेटकडे वळवल्यावर गेली, आणि त्याचे श्रेय सॉफ्टवेअरला देता येत नाही.

सेटिंग्जचे जंगल नवख्याला घाबरवेल. पण ६० दिवस सर्व सुविधांसह फुकट वापरून पाहता येते आणि वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे. मी तो मुदत संपण्याआधीच घेतला, तो ८.९९ आवृत्तीपर्यंत चालेल.